काकूंच्या पश्चात: एका मृत्युपत्रातली दोन कलमे आणि मागाहून ताब्यात येणारा हक्क

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेळगाव तालुक्यातल्या, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातल्या एका मराठी भाषिक गावचे आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. कायद्याचा प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. मी या प्रकरणात धाकट्या पुतण्याच्या विधवेची वकील होते.

काका लष्करातून निवृत्त झाले होते. मूलबाळ नव्हते. नोकरीतल्या बचतीतून त्यांनी गावात दोन एकर चार गुंठे भातजमीन, तीस गुंठ्यांचा विहिरीचा मळा आणि एक कौलारू घर नोंदणीकृत खरेदीपत्रांनी घेतले होते. मिळकत वडिलार्जित नव्हती, स्वकष्टार्जित होती, आणि ती कोणाला कशी द्यावी हे ठरवायला ते पूर्ण मोकळे होते. 1994 साली त्यांनी मराठीत मृत्युपत्र केले, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि ते सब रजिस्ट्रारकडे नोंदवलेही. 1997 साली ते वारले. मागे पत्नी, म्हणजे आपल्या काकू, आणि भावाची दोन मुले होती. थोरला पुतण्या गावातच शेती करीत असे. धाकटा बेळगाव शहरात फाउंड्रीमध्ये कामाला होता. सुगीला आणि सणावाराला तो घरी येई.

1998 साली काकूंनी तलाठ्याकडे मृत्युपत्राची नक्कल जोडून वर्दी दिली. दोन्ही पुतण्यांनी आपली हरकत नसल्याचे जबाबही दिले. तिन्ही मिळकतींना काकूंचे नाव लागले. उताऱ्याच्या नवव्या रकान्यात मालक म्हणून त्यांचे नाव आले आणि पुढे 'मृत्युपत्रानुसार' एवढाच शेरा पडला. अकरावा रकाना इतर हक्क आणि बोजे यांचा असतो. तो कोराच राहिला. त्या कोऱ्या रकान्याने पुढे किती ओढाताण केली, ते सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

अडचण कशी समोर आली

धाकटा पुतण्या 2016 साली अचानक वारला. त्याच्या मागे पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी राहिली. त्याची आई आधीच वारली होती. 2020 च्या जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत, त्याच्या पत्नीने काकांच्या जमिनीचा उतारा काढला. मालक म्हणून आता थोरल्या दिरांचे नाव होते. काकूंनी 2019 साली सगळ्या मिळकतीचे नोंदणीकृत बक्षीसपत्र त्यांना करून दिले होते आणि त्यावरून फेरफार मंजूरही झाला होता.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा कापडी पिशवीत मृत्युपत्राची चार घड्या घातलेली नक्कल होती. घडीच्या रेषेवरची अक्षरे पुसट झाली होती. त्यांचे पहिले वाक्य होते, "वकीलबाई, यात माझ्या मालकांचं नाव लिवलंय, आणि उताऱ्यात कुठंच नाही." त्यांना गावात दोन गोष्टी सांगण्यात आल्या होत्या: काकूंचे नाव मालक म्हणून लागले होते, त्यामुळे त्या कोणालाही जमीन देऊ शकत होत्या, आणि धाकटा काकूंच्या आधी गेला, त्यामुळे त्याला मिळायचे ते मिळालेच नाही. दोन्ही समजुती आपल्या भागात इतक्या रुळलेल्या आहेत की शिकलेली माणसेही त्या बेधडक सांगतात.

मृत्युपत्रातले शब्द

सगळे प्रकरण दोन कलमांवर उभे होते. तिसऱ्या कलमात भातजमीन आणि घर यांविषयी असे लिहिले होते: "सदर मिळकतीचा उपभोग माझी पत्नी हिने तिच्या हयातीपर्यंत घ्यावा. तिला सदर मिळकत विकण्याचा, गहाण ठेवण्याचा वा बक्षीस देण्याचा अधिकार राहणार नाही. तिच्या पश्चात सदर मिळकतीचे माझे दोन्ही पुतणे समसमान मालक होतील." चौथ्या कलमात मळ्याविषयी लिहिले होते: "उपभोग वरीलप्रमाणे. माझ्या पत्नीच्या पश्चात, त्या वेळी जे पुतणे हयात असतील त्यांनी मळा घ्यावा."

पहिल्या वाचनात दोन्ही कलमे सारखीच वाटतात. कायद्याच्या दृष्टीने ती दोन वेगळ्या जातीची आहेत.

तिसऱ्या कलमातला 'पश्चात' हा शब्द ताबा कधी मिळेल ते सांगतो. हक्क कधी जन्माला येईल ते सांगत नाही. काकू कधीतरी जाणार हे निश्चित होते, फक्त दिवस ठाऊक नव्हता. अशा वेळी पुढच्या माणसाचा हक्क मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूच्या दिवशीच पक्का होतो, उपभोग तेवढा पुढे ढकलला जातो. भारतीय वारसा कायदा 1925 चे कलम 119 नेमके हेच सांगते आणि त्याखालचे एक उदाहरण जवळजवळ आपल्याच घरातले वाटावे असे आहे: एक निधी एकाला हयातीपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला दिला, तर मृत्युपत्र करणारा वारला त्याच दिवशी दुसऱ्याचा हक्क पक्का झाला. म्हणजे 1997 साली काका गेले, त्याच दिवशी दोन्ही पुतणे या जमिनीच्या मागाहून ताब्यात येणाऱ्या मालकीचे धनी झाले. हा हक्क विकता येतो, गहाण ठेवता येतो आणि तो धरणारा वारला तर त्याच्या वारसांकडे जातो. धाकटा 2016 साली गेला तेव्हा त्याचा अर्धा वाटा पत्नी आणि मुलीकडे आला. हक्कदार मृत्युपत्र करणाऱ्याच्याच आधी वारला असता तर देणगी निष्फळ होण्याचा प्रश्न निघाला असता. इथे तो काकांच्या मागे एकोणीस वर्षे जगला होता.

चौथ्या कलमातला हक्क अटीवर टांगलेला आहे. काकूंच्या मृत्यूच्या वेळी हयात असणे ही घटना घडेलही, न घडेलही. कलम 120 प्रमाणे ती घडेपर्यंत हक्क पक्का होत नाही. 2020 साली काकू हयात होत्या आणि धाकटा नव्हता. मळ्यावरचा त्याचा हक्क कधी पक्का झालाच नव्हता आणि आता होणेही शक्य नव्हते. हे मी त्याच्या पत्नीला पहिल्याच बैठकीत सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या; मग म्हणाल्या की भातजमिनीचा अर्धा वाटा मुलीच्या शिक्षणाला पुरे होईल.

गावात 'आशा' आणि 'हक्क' या शब्दांची गल्लत होते, म्हणून एक फरक इथेच नोंदवते. बाप जिवंत असताना मुलाला त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीविषयी असते ती निव्वळ आशा. ती कोणाला विकताही येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चे कलम 6 सांगते. थोरल्यांच्या बाजूने धाकट्याचा वाटा या सदरात घालण्याचा प्रयत्न झाला. पण काका वारले होते आणि मृत्युपत्र अमलात आले होते; त्यानंतर तिसऱ्या कलमाखाली जे उरले ती आशा नव्हती.

विचारात घेतलेले मार्ग

पहिला मार्ग थांबण्याचा होता. कायद्याने तशी मुभा होती. मुदत कायदा 1963 मधील अनुच्छेद 65 च्या स्पष्टीकरणानुसार मागाहूनचा हक्क असणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल ताब्याची (दुसऱ्याच्या जमिनीवर उघड कब्जा ठेवून मालकी सांगण्याची) बारा वर्षे त्याचा हक्क प्रत्यक्ष ताब्याला येईल तेव्हापासून, म्हणजे काकूंच्या मृत्यूपासून, मोजली जातात. काकू हयात असताना कोर्टात जायला नको, असे अशिलाचेही मन सांगत होते. पण मृत्युपत्र साक्षीदाराकरवी शाबीत करावे लागते. दोनपैकी एक साक्षीदार वारला होता आणि दुसरे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मृत्युपत्रच शाबीत झाले नसते तर हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे निपुत्रिक काकांच्या एकट्या वारस काकू ठरल्या असत्या, बक्षीसपत्र पूर्णपणे वैध झाले असते आणि माझ्या अशिलाच्या हातात काही राहिले नसते. कायदा थांबायला तयार होता. साक्षीदाराचे वय थांबणार नव्हते.

दुसरा मार्ग बक्षीसपत्र फसवणुकीने झाले म्हणून रद्द करून मागण्याचा होता. त्याला आधार दिसत होता. दस्त कन्नडमध्ये होता आणि काकूंना कन्नड वाचता येत नव्हते. प्रत्येक पानाच्या तळाशी कन्नड मजकुराखाली त्यांची देवनागरी सही होती, आणि शेवटच्या पानावर तर नावावरची शिरोरेघ द्यायचीच राहून गेली होती. मुद्दा कोर्टात मनावर घेतला गेला असता. पण अशिलाने ठाम नकार दिला. "भाऊजींनी काकूंचं सगळं केलंय, दवाखाना केलाय. फसवलं असं मी कोर्टात सांगणार नाही," असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले, आणि कायद्यानेही या आरोपाची गरज नव्हती. ज्याच्याकडे हयातीपुरताच हक्क आहे तो त्याहून जास्त देऊच शकत नाही. बक्षीसपत्राने थोरल्यांना काकूंच्या हयातीपुरता उपभोग मिळाला, इतकेच. ते रद्द करायची गरज नव्हती. ते मागाहूनच्या हक्कावर बंधनकारक नाही, एवढे जाहीर करून घेणे पुरेसे होते.

तिसरा मार्ग फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे अपिलाचा होता. कर्नाटक जमीन महसूल कायदा 1964 च्या कलम 136 खाली तो उपलब्ध आहे आणि खर्चही कमी येतो. चौथा मार्ग दिवाणी कोर्टात हक्क जाहीर करून घेण्याचा आणि मनाईचा दावा लावणे हा होता.

प्रत्यक्षात केलेली कारवाई

मी आधी तिसरा मार्ग धरला, आणि तो निर्णय चुकला. आठ महिने प्रांतांपुढे तारखा पडल्या. मालकीचा वाद दिवाणी कोर्टात सोडवून घ्यावा असा, खरे तर अपेक्षितच असलेला, निकाल आला. या आठ महिन्यांत थोरल्यांनी भातजमिनीवर सोसायटीचे कर्ज काढले आणि अकराव्या रकान्यात बोजा चढला. दावा आधी लावला असता तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 प्रमाणे दावा चालू असतानाचे प्रत्येक हस्तांतर निकालाच्या अधीन राहिले असते. कर्ज दाव्याच्या आधीचे ठरल्यामुळे ते संरक्षण आम्हाला मिळाले नाही.

फेब्रुवारी 2021 मध्ये दावा दाखल केला. हयात साक्षीदाराची साक्ष लगेच नोंदवून घ्यावी असा अर्ज दिला. तो मंजूर झाला आणि त्याच वर्षी साक्ष झाली. 1998 च्या वर्दीला जोडलेले थोरल्यांचे स्वतःचे जबाबही आम्ही दाखल केले. त्यांत मृत्युपत्र मान्य असल्याचे शब्द होते.

यानंतर प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण आला. मूळ मृत्युपत्र मराठी असल्याने कोर्टासाठी त्याचे कन्नड भाषांतर करून घेतले होते. भाषांतरकाराने दोन्ही कलमांचा शेवट एकाच साच्यात बसवला होता: पत्नीच्या नंतर दोन्ही पुतण्यांना. चौथ्या कलमातले "त्या वेळी जे हयात असतील" हे शब्द भाषांतरात आलेच नव्हते. चूक आमच्या फायद्याची होती. तेवढ्यावर मळ्याचाही अर्धा वाटा मागता आला असता, आणि समोरच्या बाजूने ते अजून ताडून पाहिलेले नव्हते. दोन दिवस विचार करून मी अशिलाला बोलावले, मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून वाचून दाखवले आणि दुरुस्तीचा अर्ज देत असल्याचे सांगितले. कोर्टाला चुकीचा मजकूर माहीत असून वाचू देणे वकिलाला शोभणारे नाही, हे पहिले कारण. दुसरे कारण कायद्याचे होते आणि ते दुरुस्ती करताना माझ्या जास्त स्पष्ट ध्यानात आले. चौथ्या कलमात काकांनी हयात असण्याची अट शब्दांत लिहिली, तिसऱ्यात लिहिली नाही. एकाच कागदावर, एकाच हाताने. अट कशी घालायची हे त्यांना माहीत होते, म्हणजे तिसऱ्या कलमात ती मुद्दामच घातलेली नाही. मळा सोडून देणारे चौथे कलमच भातजमिनीवरच्या आमच्या हक्काचा सर्वांत बळकट पुरावा ठरले.

2022 साली दावा चालू असताना काकू वारल्या. हयातीपुरता हक्क संपला आणि आमचा हक्क ताब्याला आला. म्हणून दाव्यात दुरुस्ती करून वाटप आणि ताबा मागितला. आता थोरल्यांच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा पुढे आला. हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची ठरवणाऱ्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14(1) मुळे काकू पूर्ण मालक झाल्या होत्या, असा तो मुद्दा होता. त्याला आधार आहे. 1977 साली तुलसम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की स्त्रीच्या आधीपासूनच्या पोटगीच्या हक्कापोटी मिळकत दिली असेल, तर दस्तात मर्यादा लिहिलेली असली तरी ती पूर्ण मालक होते. आमचे उत्तर कलम 14(2) वर होते: मृत्युपत्रानेच प्रथम आणि मर्यादितच हक्क दिला असेल तर मर्यादा टिकते. 2022 साली जोगी राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पुरुषाने स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नीला मृत्युपत्राने दिलेला हयातीपुरता हक्क तसाच राहतो, असे धरले होते. शिवाय मृत्युपत्राच्या पाचव्या कलमात काकांनी पोस्टातल्या ठेवी काकूंना पूर्ण मालकीने, "चरितार्थासाठी" अशा शब्दांत दिल्या होत्या आणि त्यांना कुटुंब निवृत्तिवेतनही मिळत होते. जमीन पोटगीपोटी दिली नव्हती, असे दाखवायला हे पुरेसे आहे असे माझे मत होते आणि आजही आहे. पण निकाल आपल्याच बाजूने लागेल अशी खात्री या कलमावर कोणत्याही वकिलाने देऊ नये.

निष्पत्ती

कोर्टाने प्रकरण मध्यस्थीसाठी पाठवले. 2024 च्या सुरुवातीला, चार बैठकांनंतर तडजोड झाली. भातजमीन आणि घर यांचा अर्धा वाटा धाकट्याच्या पत्नी आणि मुलीला, अर्धा थोरल्यांना. मळा पूर्णपणे थोरल्यांना. सोसायटीचे कर्ज थोरल्यांनी आपल्या वाट्यावर घ्यायचे ठरले आणि तसे सोसायटीकडून लिहून घेतले. काकूंच्या आजारपणाच्या खर्चापोटी माझ्या अशिलाने स्वतःहून काही रक्कम देऊ केली. मुलगी त्या वेळी सतरा वर्षांची होती, म्हणून तिच्या वतीने तडजोड करायला कोर्टाची स्वतंत्र परवानगी घेतली.

मध्यस्थीत थोरल्यांनी एक अट सुचवली होती: मुलीने लग्नानंतर जमीन कधीच विकू नये, आणि तिच्या पुढच्या पिढीनेही विकू नये. त्यामागची भावना खरी होती. आपल्या भागात शेतजमिनी शहराकडे कशा सरकत आहेत ते सगळे पाहतात. पण पूर्ण मालकी देऊन विक्रीची कायमची बंदी घालता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 10 खाली अशी अट निरर्थक ठरते. जमीन अजून न जन्मलेल्या पिढ्यांसाठी अनिश्चित काळ बांधून ठेवायलाही त्याच कायद्याचे कलम 14 आडवे येते. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी एकमेकांना आधी विचारायचे, बाजारभावाने घ्यायची संधी द्यायची आणि मगच बाहेर विकायचे, असे ठरले.

तडजोडीचा हुकूमनामा झाल्यावर अकरा ई नकाशा (वाटणीच्या नोंदीआधीचा मोजणी नकाशा) करून पोडी, म्हणजे सर्व्हे नंबरची फोड, केली आणि उताऱ्याच्या नवव्या रकान्यात मायलेकींची नावे लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14(1) आणि 14(2) यांतला मेळ मोठ्या खंडपीठापुढे ठेवण्याचे ठरवले. दावा तडजोडीविना चालू असता तर या कुटुंबाला त्या निकालाचीही वाट पाहावी लागली असती.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात सोपी दुरुस्ती 1998 सालीच शक्य होती. वर्दी देताना अकराव्या रकान्यात "हयातीपुरता उपभोग, मागाहूनचे मालक दोन्ही पुतणे" एवढी ओळ मागायला हवी होती. अशी नोंद हक्क निर्माण करत नाही, पण सोसायटीला आणि खरेदीदाराला सावध करते.

2016 साली धाकटा वारल्यावर त्याच्या पत्नीने त्याचा भविष्य निर्वाह निधी, बँक खाते आणि शहरातला प्लॉट यांचे वारस कागद केले. काकांच्या जमिनीतला त्याचा वाटा त्या यादीत आला नाही, कारण तो ताब्यात नव्हता. वारसांची यादी करताना अशा हक्काचा प्रश्न आवर्जून विचारावा असे मी आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

मृत्युपत्र लिहिणाऱ्याने तिसऱ्या कलमात "त्यांपैकी कोणी माझ्या पत्नीच्या आधी वारल्यास त्याचा वाटा त्याच्या वारसांना" एवढी जोड दिली असती तर वाद उभाच राहिला नसता. मी स्वतः दावा आधी आणि महसूल अपील नंतर, किंवा दोन्ही एकाच वेळी लावायला हवे होते.

आणखी एक चूक तडजोडीनंतर उघडी पडली. उन्हाळी भाजीपाल्याला भातजमिनीत पाणी यायचे ते मळ्यातल्या विहिरीचे. मळा थोरल्यांकडे गेला आणि पाण्याची पाळी तडजोडीत लिहायची राहून गेली. सर्व्हे नंबर, गुंठे, चतुःसीमा सगळे तपासले होते. विहीर नकाशावर डोळ्यांसमोर होती. 2025 च्या मार्चमध्ये मोटर बंद झाली तेव्हा ते लक्षात आले. दोन्ही घरांत अजून बोलणे होते म्हणून आठवड्यात तीन दिवस रात्रपाळीचे पाणी आणि वीजबिलाचा अर्धा वाटा असा करार नोंदवून घेता आला.